मायनस घातला की चिन्ह फिरवायचं का?

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही धायरीला राहतो, मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे, पहिलीपासून इंग्लिश मीडियम. दहावीपर्यंत मॅथ्सची तशी काही तक्रार नव्हती पण इनइक्वॅलिटीज (असमानता, म्हणजे लहान-मोठ्याच्या चिन्हांची गणितं) सुरू झाल्यापासून सगळं बिनसलंय. त्यातही मायनस नंबर घालून चेक करा असं आलं की हमखास चुकतं. परवाच्या टेस्टमध्ये ३ − २क्ष < ९ यात क्ष = −५ घालून ते खरं की खोटं सांगायचं होतं. तिने आधी "३ − १० = −७ < ९, खरं" असं लिहिलं, मग ते खोडून "१३ > ९, खरं" असं लिहिलं. मार्क शून्य. मी बीकॉम झालेय, अकाउंट्समध्ये नोकरी करते, घरी समजवायला बसले तर म्हणाली, आई, मायनस आला की साइन फिरवायची असं तूच म्हणालीस ना, आणि का फिरवायची ते सांग आधी. मी म्हटलं रूल आहे. त्यावरून दोघींचं जोरात वाजलं. आता म्हणते मी ढ आहे, मॅथ्स सोडते. क्लास बदलू का? वहीच्या पानाचा फोटो पाठवतेय.
एक आई

उत्तर:

ताई, फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. नुसतं "चुकतं" म्हटलं असतंत तर मीही चार सामान्य गोष्टी सांगितल्या असत्या, पण पान समोर असलं की मूल कुठे थांबलं, कुठे घाबरलं, सगळं दिसतं. मी ते पान मोठं करून दोन-तीनदा बघितलं. पहिली ओळ निळ्या पेनाने लिहून दोनदा खोडलीय, खाली घाईत दुसरी ओळ, आणि समासात बारीक अक्षरात "मायनस, म्हणून फ्लिप" असं लिहून एक बाण काढलाय. तो बाण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तुमची लेक ढ नाहीये हो. तिच्या डोक्यात एक नियम आहे, तो नियम खरा पण आहे, फक्त ती तो भलत्या ठिकाणी लावतेय. हे आणि काहीच न समजणं यात खूप फरक आहे. त्यामुळे क्लास वगैरे इतक्यात बदलू नका, आणि मॅथ्स सोडायचा निर्णय तर या एका धड्यावरून अजिबात नको, बायोलॉजी आवडत असेल तर ते आवडतं म्हणून घ्यावं.

आता तिची पहिली ओळ बघू (वहीत एक्स आहे, मी तुमच्यासारखंच क्ष लिहिते). ३ − २क्ष मध्ये क्ष च्या जागी −५ घालायचा. तिने लिहिलं असणार ३ − २ × −५, आता दोन मायनस जवळजवळ आले, डोळ्याला एकच दिसला, झालं ३ − १०. ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये बघितलीय की आता नवल वाटत नाही, आणि उपायही एकच आहे, कंस. क्ष पुसायचा, त्या जागी आधी रिकामा कंस काढायचा, ३ − २(   ) < ९, आणि मग त्या कंसात −५ ठेवायचा, त्याच्या मायनससकट. ३ − २(−५). आता मायनस दोन गुणिले मायनस पाच, अधिक दहा, एकूण १३. रिकामा कंस आधी काढायचा हे मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर काढू म्हटलं की तो निम्म्या वेळा काढलाच जात नाही.

ही सवय किती जुनी आहे बघा. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५० च्या सुमारास, ऋण संख्या लिहायची तर आकड्याच्या डोक्यावर टिंब द्यायचे. आपण आज मायनस आकड्याच्या आधी लिहितो, त्यामुळे तो वजाबाकीचा की त्या संख्येचा स्वतःचा असा घोळ होतो. टिंब डोक्यावर असलं की ते त्या आकड्याचंच, आकडा उचलून कुठेही ठेवा, टिंब त्याच्याबरोबर जाणार. आपला कंस तेच काम करतो. लेकीला हे जरूर सांगा, अशा गोष्टी मुलांच्या लक्षात राहतात.

आता दुसरी ओळ, आणि इथे खरी गंमत आहे. १३ तिने बरोबर काढले! खोडल्यावर, घाईत, टेन्शनमध्ये असताना, बरोबर काढले. तिथे थांबून तिने फक्त एवढंच विचारायला हवं होतं की १३ हे ९ पेक्षा लहान आहेत का? नाहीत. म्हणून विधान खोटं, क्ष = −५ चालत नाही, संपलं गणित. पण समासातला तो बाण आडवा आला, मायनस घातलाय म्हणजे साइन फिरवायला पाहिजे, मग १३ > ९ लिहिलं, आणि १३ नऊपेक्षा मोठे आहेतच, म्हणून "खरं". म्हणजे प्रश्नच बदलून त्याचं बरोबर उत्तर दिलं.

तिला हे असं सांगून बघा. मॉलच्या किंवा एखाद्या मोठ्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगच्या तोंडाशी एक आडवा बार लटकवलेला असतो ना, अमुक मीटरपेक्षा कमी उंचीच्या गाड्यांनाच प्रवेश. असमानता म्हणजे तो बार. क्ष ची किंमत म्हणजे तुम्ही आणलेली गाडी. गाडी बसली तर आत, नाही बसली तर बाहेर, पण गाडी बसत नाही म्हणून कोणी बोर्ड उलटा लिहीत नाही. किंमत घालणं म्हणजे फक्त विचारणं आहे, ही संख्या चालते का? संख्या ऋण असो, धन असो, अपूर्णांक असो, बोर्डाला हात लावायचा नाही. चिन्ह जसं छापलंय तसंच शेवटपर्यंत राहणार.

मग फिरवायचं कधी? जेव्हा आपण असमानता सोडवत असतो आणि दोन्ही बाजूंना एकाच ऋण संख्येने गुणतो किंवा भागतो, तेव्हा आणि तेव्हाच. ३ − २क्ष < ९ सोडवताना दोन्हीकडून ३ वजा केले, −२क्ष < ६ आलं, इथपर्यंत चिन्ह तसंच, कारण वजा करण्याने किंवा मिळवण्याने काही फिरत नाही (हेही मुलं चुकतात, तीन वजा केले म्हणजे मायनस आला म्हणून फिरवतात). आता दोन्ही बाजूंना −२ ने भागायचं, इथे फिरणार, क्ष > −३.

आणि आता तिचा जो प्रश्न होता, का फिरवायची, तो प्रश्न विचारणारी मुलगी ढ कशी असेल सांगा मला. त्याचं उत्तर मराठीत जितकं सोपं आहे तितकं इंग्लिशमध्ये नाही असं मला मनापासून वाटतं, कारण आपला शब्दच ऋण आहे. ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये नियम लिहिले तेच धन आणि ऋण असे, पैसा आणि देणं. इंग्लिश मीडियमच्या मुलांना निगेटिव्ह म्हणजे एक आडवी रेघ एवढंच कळतं, त्यात कर्ज दिसत नाही, तो शब्द घरात तुम्ही परत आणा.

तिला विचारा, एकाच्या खिशात २०० रुपये आहेत आणि दुसऱ्याच्या खिशात ५००, वरचढ कोण? पाचशेवाला. २०० < ५००. आता समजा जादू झाली आणि ज्याच्या खिशात जितके होते तितकीच त्याची वाण्याकडे उधारी झाली. पहिल्याची २०० ची उधारी, दुसऱ्याची ५०० ची. आता बरी अवस्था कोणाची? दोनशेवाल्याची. म्हणजे −२०० > −५००. आपण दोन्ही बाजूंना −१ ने गुणलं आणि क्रम उलटा झाला, कोणी रूल म्हणून सांगितला नाही, तो आपोआप झाला. संख्यारेषेवर बघायचं असेल तर शून्यावर आरसा उभा करा, उजवीकडे जो जितका लांब तो डावीकडे तितकाच लांब पडतो, जो सगळ्यात पुढे होता तो आता सगळ्यात मागे. नव्या इमारतींच्या लिफ्टमध्ये पार्किंगला −१, −२ अशी बटणं असतात तीही दाखवा, −२ हा −१ च्या खाली असतो, आकडा मोठा दिसतो म्हणून वर नसतो.

तरीही तिला फिरवायची धास्ती वाटत असेल तर न फिरवताही गणित सुटतं, आणि हे मी प्रत्येक मुलाला एकदा तरी करून दाखवते कारण त्यातून नियमावरचा विश्वास बसतो. −२क्ष < ६ घ्या. दोन्हीकडे २क्ष मिळवा, ० < ६ + २क्ष. दोन्हीकडून ६ वजा करा, −६ < २क्ष. आता भागायचं ते +२ ने, फिरवायचा प्रश्नच नाही, −३ < क्ष. वजा तीन हा क्ष पेक्षा लहान, म्हणजेच क्ष हा वजा तीनपेक्षा मोठा. तेच उत्तर. कुठेही काही उलटं केलं नाही, फक्त क्ष ला त्या बाजूला नेलं जिथे तो धन होतो. पेपरमध्ये डोकं चालेनासं झालं तर तिने खुशाल हीच वाट धरावी, एक-दोन ओळी जास्त होतात एवढंच.

आता किंमत घालणं हे तिला शिक्षा वाटतंय, पण ते तिचं सगळ्यात मोठं हत्यार होऊ शकतं. समजा तिने फिरवायचं विसरून क्ष < −३ असं उत्तर काढलं. ते बरोबर की चूक हे सरांना विचारायची गरज नाही, मूळ असमानतेत ० घालायचा, ३ < ९, खरं. म्हणजे शून्य चालतो. पण तिच्या उत्तरात शून्य बसतो का? −३ पेक्षा लहान थोडाच आहे तो. चूक सापडली, अर्ध्या मिनिटात. मग −४ घालून बघायचा, ३ − २(−४) म्हणजे ११ < ९, खोटं. आणि खुद्द −३ घालायचा, ३ + ६ म्हणजे ९ < ९, हेही खोटं, कारण नऊ नऊपेक्षा लहान नसतात, म्हणून संख्यारेषेवर −३ वर पोकळ गोल, भरीव नाही. सीमेवरची एक संख्या, तिच्या अलीकडची एक, पलीकडची एक. तीन संख्या घातल्या की उत्तर स्वतःच बोलतं. क्लासमध्ये यावर वेळ घालवत नाहीत कारण पोर्शन संपवायचा असतो, मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण मुलाला स्वतःचं उत्तर स्वतः तपासता आलं की त्याची भीती जाते हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एक जागा मात्र खरंच फसवी आहे, अकरावीत ती येणारच म्हणून आत्ताच सांगते. १/क्ष < २ सोडवा असं आलं की मुलं दोन्हीकडे क्ष ने गुणतात, १ < २क्ष, म्हणून क्ष > १/२, आणि खूश. आता −१ घालून बघा, −१ < २, अगदी खरं. मग −१ उत्तरात का नाही? कारण क्ष ने गुणताना आपण गृहीत धरलं की क्ष धन आहे, ते आपल्याला कोणी सांगितलं होतं? क्ष ऋण असेल तर चिन्ह फिरायला हवं होतं. सगळ्याच्या सगळ्या ऋण संख्या हातातून निसटल्या. खरं उत्तर क्ष < ० किंवा क्ष > १/२, आणि शून्य चालतच नाही कारण शून्याने भागायचं नसतं. ज्याचं चिन्ह माहीत नाही त्याने असमानतेला गुणायचं नाही, आधी दोन केस करायच्या. आणि हे पकडलं कोणी, तर एक ऋण संख्या घालून बघण्याने.

वर्गाचंही असंच. −५ < २ हे खरं आहे, पण दोन्हीकडचे वर्ग केले तर २५ < ४, साफ खोटं. वर्ग ऋण चिन्ह गिळून टाकतो. इथे मला भास्कराचार्यांचं माकडांचं गणित आठवतं, तुम्ही दोघी मिळून करून बघा, फार गोड आहे. माकडांचा एक कळप, त्याच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे येईल त्याच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली, एक बाहेर दिसतंय, तर कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नास घालून बघा, पाचवा भाग १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक बाहेरचं एक, पन्नास. बरोबर. आता ५ घाला, पाचवा भाग १, वजा ३ म्हणजे −२, वर्ग (−२)² म्हणजे ४, अधिक १, पाच. हेही बरोबर! पण भास्कराचार्यांनी हे दुसरं उत्तर बाजूला ठेवलं, का तर मधे कळपाचा भाग ऋण होतो आणि असल्या ऋण गोष्टीवर लोकांचा विश्वास बसत नाही असं त्यांनी म्हटलंय. नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसांना ऋण संख्या अवघड गेल्या हे ते किती समजुतीने लिहितात. आणि यात कंस विसरून −२² करून −४ घेतलं असतं तर उत्तर −३ माकडं आलं असतं, म्हणजे पुन्हा तोच कंस.

या कंसाचा एक प्रयोग तुम्हीच तिला ऑफिसच्या लॅपटॉपवर करून दाखवा. एक्सेलमध्ये =−३^२ टाइप केलंत तर ९ येतात. तेच तिच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर −३² दाबलं तर −९ येतात. दोन मशीन, दोन उत्तरं, आणि बीजगणिताच्या नियमाप्रमाणे कॅल्क्युलेटर बरोबर, कारण वर्ग आधी, मायनस नंतर. पण कंसात (−३)² टाका, दोन्हीकडे ९. तुम्हाला ऑफिसमध्येही याचा उपयोग होईल, एखाद्या फॉर्म्युल्यात मायनसचा वर्ग असेल तर कंस घालूनच लिहीत जा.

आता तुमच्या दोघींच्या भांडणाबद्दल थोडं बोलू का? तुम्ही "रूल आहे" म्हणालात यात तुमची काही चूक नाही, आपल्याला सगळ्यांना तसंच शिकवलं गेलं. पण तिने ज्या दिवशी का विचारलं त्या दिवशी "मलाही माहीत नाही गं, चल बघू" एवढं म्हटलं असतंत तर वाजलं नसतं. अजूनही म्हणता येईल. आज संध्याकाळी घरी गेलात की उधारीवाला हिशोब तुम्ही तिला समजावू नका, उलट तिलाच तुम्हाला समजवायला सांगा, तुम्ही अकाउंट्समधल्या आहात, डेबिट-क्रेडिट तुमच्या हाताखालून रोज जातं, तुम्ही योग्य जागी अडवून शंका विचारू शकाल. आणि ती बोलत असताना वाक्य मराठीत पूर्ण बोलू द्या, "क्ष हा वजा तीनपेक्षा मोठा", नुसतं "ग्रेटर दॅन" नको, कारण मराठीत पेक्षा म्हटलं की कोण कोणापेक्षा ते तोंडातून आल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही.

सरावाला अप्पा बळवंत चौकातून आणखी एक गाइड आणायची खरंच गरज नाही, आहे त्या पुस्तकातलीच गणितं घ्या, रोज तीन पुरेत, पण प्रत्येकात उत्तर काढून झाल्यावर तीन संख्या घालून तपासायच्या आणि त्यातली एक तरी ऋण असलीच पाहिजे. पंधरा दिवस एवढंच. समासात तिने जिथे "मायनस, म्हणून फ्लिप" लिहिलंय तिथे ते न खोडता खाली तिच्याच अक्षरात लिहायला सांगा, "गुणलं किंवा भागलं तरच".

आणि एक गणित माझ्याकडून तिला. ५ − क्ष² > १. यात क्ष च्या जागी −३, −२, −१ आणि १ घालून कोणतं चालतं कोणतं नाही ते बघायचं, मग सोडवायचं, आणि संख्यारेषेवर काढायचं. उत्तर मी मुद्दाम देत नाहीये, बरोबर आलं की नाही ते तिचं तिलाच कळेल. करून झालं की त्या पानाचाही फोटो पाठवा, खोडाखोड असेल तर तशीच राहू द्या.